तांबड्या जमिनीवर टाइल्स

"डोळे मिटा सगळ्यांनी," फत्तेसिंग म्हणाले आणि दोन्ही हात पसरून दार अडवून उभे राहिले.

शाल्मलीला डोळे मिटायचे नव्हते. तिच्या एका हातात नवं पातेलं होतं, दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या, आणि आपल्याच घराच्या दारात आपल्याला अडवायचं कारण काय, हे तिला समजत नव्हतं. बेंगळुराजवळच्या आनेकलमधल्या या घराच्या खरेदीखतावर सह्या होत्या त्या तिच्या आणि नवऱ्याच्या, यशोवर्धनच्या. पण सासरे इतके खुशीत होते, की तिनं मिटले. कालच लेक-जावयाबरोबर पुण्याहून आलेली तिची आई, नीलिमा, मागून "काय बाई गंमत!" म्हणून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. अनुसूया पायरीखालीच थांबल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"हं, बघा आता!"

शाल्मलीनं पाहिलं. पुढच्या खोलीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत पांढुरक्या, चकचकीत टाइल्स बसल्या होत्या. प्रत्येक टाइलच्या कोपऱ्यात एक तपकिरी फूल. खिडकीतला उजेड त्यांच्यावर आपटून थेट डोळ्यांत जात होता. रक्त तपासायला जातो त्या लॅबमध्ये असते तशी जमीन.

"माझी जमीन कुठंय?" ती म्हणाली.

विकत घेताना या घरात दुसरं होतं काय? छत वाकलेलं, न्हाणीघराच्या चौकटीला वाळवी, विहिरीवर झाकण नाही. दाखवायला आलेला एजंटसुद्धा लाजून बाहेर उभा राहिला होता. शाल्मलीनं सहज फाटक्या मेणकापडाचा कोपरा पायानं उचलला, तर खाली तांबडी जमीन. लाल ऑक्साइडची, जुन्या पद्धतीनं घोटून केलेली, पावलांनी झिजून मऊ झालेली. ती तिथंच फतकल मारून बसली आणि नवऱ्याला म्हणाली होती, "हेच घर." नंतरचे सगळे रविवार दोघांनी तिथं गुडघ्यांवर घालवले. मेणकापडाचा चिकटा खरवडायचा, धुवायचं, खोबरेल लावून जुन्या सुती साडीनं घासत बसायचं. चेहरा दिसायला लागला तेव्हा तिनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि फत्तेसिंगांनी त्यावर हात जोडलेले पाठवले होते.

"खालीच आहे की!" फत्तेसिंग म्हणाले. "जाते कुठं? वरनं टाइल्स घातल्या. तुम्ही पुण्याला लग्नाला गेलात, तेवढ्यात मेस्त्रीला धरून सगळं उरकून घेतलं. सरप्राइज!"

"टाइल्स बसवायच्या आधी खालची जमीन टोचतात, अण्णा. टोचली?"

"टोचल्याशिवाय सिमेंट धरतंय काय? छिन्नीनं चांगली टोचून घेतली. मी स्वतः उभा होतो इथं. काम पक्कं."

शाल्मलीनं पातेलं खाली ठेवलं. नव्या टाइलवर त्याचा खणकन आवाज झाला.

"कुणाला विचारून?"

हा प्रश्न मोहित्यांच्या घराण्यात आजवर कुणी विचारला नव्हता. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आम्ही बेंगळुरात आलो, असं हे घराणं अजून पाहुण्यांना सांगतं. तेव्हापासून रीत एकच: कर्त्या पुरुषानं करायचं, आणि बाकीच्यांनी "चन्नाग झालं हो", छान झालं, म्हणून मान डोलवायची. बायकोला न विचारता तिची बदली, मुलाला न विचारता त्याचं कॉलेज. यालाच तिथं माया म्हणतात, आणि ती खरीही असते. म्हणून तर तिच्याशी भांडायची पंचाईत.

फत्तेसिंगांना तो प्रश्न थोबाडीत बसल्यासारखा लागला. होसकोटेच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी 'सर' म्हणालं नव्हतं. या घराचं काम निघालं आणि जयनगरहून डबा, छत्री घेऊन ते रोज बसनं येऊ लागले. सुनेला कन्नड येत नाही, मुलाला सुट्टी नाही, मग मेस्त्र्यांवर नजर कोण ठेवणार? गवंडी त्यांना 'अण्णा' म्हणत, विचारल्याशिवाय वीट हलवत नसत. किती दिवसांनी अंगात जीव आल्यासारखं वाटलं होतं! ही पोरगी आज पाया पडेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. ही हिशेब विचारते आहे.

"विचारायचं काय त्यात?" ते म्हणाले. "तांबडी जमीन कुणाच्या घरात असते? ज्यांच्याकडं काही नाही त्यांच्या. उद्या तुझ्या आफिसातली माणसं येतील. मोहित्यांनी सुनेला पडक्या घरात ठेवलं म्हणतील."

"मोहित्यांनी नाही ठेवलेलं. हे घर मी आणि यशनं घेतलंय."

"शाल्मली, आवाज," नीलिमा पुढे झाली. "अगं, गृहप्रवेशाचा मुहूर्त आहे. आधी दूध उतू जाऊ दे, मग काय ते बोला. आणि खरं सांगू का, पुसायला बऱ्या असतात या."

"आई, तू यात पडू नकोस."

"पडू नको कसं? त्यांनी एवढ्या हौसेनं केलंय…"

"बघा, तुमच्या आईला कळतंय," फत्तेसिंग म्हणाले. तिथं थांबले असते तर विहीणबाई त्यांच्याच बाजूच्या होत्या. पण रागावलेल्या माणसाला थांबायची जागा दिसत नाही. "आता हिला पण शिकवा स्वल्प. तुमच्या पुण्यात सासऱ्याशी असंच बोलतात काय?"

नीलिमाचं हसू मावळलं. लेकीला ती घरी चार शिव्या देईल, पण दुसऱ्यानं तिच्या लेकीवरून पुणं काढावं, हे तिला चालत नव्हतं.

"आमच्या पुण्यात," ती शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात शिरायच्या आधी बेल वाजवतात."

"दुसऱ्याचं? मुलाचं घर दुसऱ्याचं?" फत्तेसिंगांचा आवाज गल्लीत पोचला. समोरच्या घरातली बाई रांगोळी अर्धी टाकून बघायला लागली. "विचारा की मग तुमच्या जावयाला! त्याला विचारूनच केलंय मी!"

यशोवर्धन त्याच क्षणी गॅसची शेगडी खांद्यावर घेऊन पायरी चढत होता. तो एका पायरीवर थांबला आणि पुढची चढायची राहून गेली.

पुण्याला, लग्नाच्या हॉलमध्ये, अक्षता वाटल्या जात असताना अण्णांचा व्हिडिओ कॉल आला होता. मागं छिन्नीचा ठणठणाट ऐकू येत होता. "मगा, टाइल्स घालून घेतो. मेस्त्री मोकळा आहे. सरी ना?" मुलाला 'मगा', बाळा, म्हणत अण्णांनी विचारलं ते असं, काम सुरू केल्यावर. यशोवर्धननं हॉलच्या दुसऱ्या टोकाला बहिणींच्या घोळक्यात हसणाऱ्या बायकोकडं पाहिलं होतं. तेव्हा ओरडून "थांबवा" म्हटलं असतं, तर आतल्या दोन खोल्या तरी वाचल्या असत्या. तो म्हणाला, "सरी, अण्णा." लहानपणापासून अण्णांना द्यायला त्याच्याकडं 'सरी', 'बरं', एवढं एकच उत्तर होतं. शाल्मलीलाही तो नेहमी 'हो'च म्हणायचा, त्यामुळे ऑफिसात त्याला लोक समजूतदार समजत. दोघांना हो म्हणणारा माणूस कधीतरी दोघांच्या मधोमध सापडतो. आज तो सापडला होता, खांद्यावर शेगडीसकट.

"तुला माहीत होतं?" शाल्मलीनं विचारलं.

"शालू, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"म्हणजे… इथं आल्यावर. नीट बसून."

"परवा बसमध्ये मी तुला विचारलं, तांबड्या जमिनीला कुठले पडदे शोभतील. आठवतंय?"

त्यानं खांद्यावरची शेगडी सावरली.

"तू म्हणालास, पांढरे. तुला माहीत होतं, जमीन टोचून झालीये, आणि तू मला म्हणालास, पांढरे घे. वर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलास. शी! अण्णांनी निदान जे केलं ते ओरडून दाखवलं तरी. तू काय केलंस?"

"मला वाटलं, तू रडशील. लग्नाच्या घरात…"

"मी रडले असते. मग पहिल्या विमानानं आले असते आणि त्या छिन्नीसमोर आडवी पडले असते. म्हणूनच सांगितलं नाहीस ना?"

तसंच होतं, आणि ते इतकं खरं होतं, की यशोवर्धनला राग आला. पकडल्या गेलेल्या माणसाचा राग. "एका जमिनीसाठी एवढं?" तो बोलून गेला. "छत नवं झालंय, वायरिंग झालंय, हे सगळं अण्णांनी उभं राहून करून घेतलं. त्याचं काहीच नाही?"

"आहे. छताबद्दल मी त्यांच्या पाया पडले होते. वायरिंगबद्दल पडले. हे त्यांना नको म्हणून सांगितलं होतं. तुझ्या देखत सांगितलं होतं, जमिनीला कुणी हात लावायचा नाही. अण्णा, सांगितलं होतं की नाही?"

"तू सांगितलंस म्हणून काय?" फत्तेसिंग म्हणाले. "पोरांना पुढचं कळत नाही, म्हणून मोठी माणसं असतात. मी कुणासाठी केलं? माझ्यासाठी? हिच्याकडं बघा!" त्यांनी पायरीखाली उभ्या असलेल्या बायकोकडं बोट केलं. "जुन्या घरात हीच तांबडी जमीन होती. वाकून वाकून घासायची ही. गुडघे गेले हिचे. सुनेचे जाऊ नयेत, म्हणून केलं. सांग गं तिला!"

सगळ्यांनी अनुसूयाकडं पाहिलं.

अशा वेळी तिनं काय म्हणायचं, हे ठरलेलं होतं. "हो ना." मग थोडं हसायचं, "चला, कॉफी करते" म्हणायचं, आणि भांडण कॉफीत विरघळवायचं. मोहित्यांच्या किती भांडणांना तिनं अशी साखर घातली होती! शब्द तोंडाशी आलासुद्धा.

तेवढ्यात तिला तो गारवा आठवला. पोटात यशोवर्धन होता त्या उन्हाळ्यात, दुपारी सगळे झोपले की ती स्वयंपाकघराच्या तांबड्या जमिनीवर उघडा गाल टेकून पडायची. त्या मोठ्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा होती. बाळंतपणाला माहेरी गेली, आणि तान्ह्या मुलाला घेऊन परत आली तर दारात नवरा असाच हात पसरून उभा. डोळे मिट म्हणाला. तिनं मिटले. उघडले तेव्हा सगळीकडे पिवळ्या टाइल्स होत्या. तिनं "चन्नाग झालं" म्हटलं, गवंड्यांना कॉफी दिली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. ओली बाळंतीण आहे, रडायचीच, असं घरातल्यांनी ठरवलं.

"माझ्या गुडघ्यांचं नाव घेऊ नका," अनुसूया म्हणाली.

फत्तेसिंगांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"गुडघे जिन्यानं गेलेत. घासण्यानं नाही." आता ती थांबत नव्हती. "माझी जमीन तुम्ही फोडलीत, तेव्हा कुणाचे गुडघे होते? मी तर बावीस वर्षांची होते. मला विचारलंत?"

"ते घर जुनं झालं होतं…"

"विचारलंत का?"

"अनुसूया, सुम्ने बस."

"परवापण हेच म्हणालात. मी म्हटलं, पोरीला एक फोन करा. तुम्ही म्हणालात, सुम्ने बस. मी गप्प बसले!" ती पायरी चढून आत आली आणि सुनेसमोर उभी राहिली. "मलाही माहीत होतं गं. मी पण फोन केला नाही. माझ्यावर पण राग धर."

"धरलाय," शाल्मली म्हणाली.

"बरं केलंस."

बाहेर अंगणात मेस्त्री बसवंत नवा सदरा घालून अवघडून उभा होता. घर पुरं झालं की मेस्त्रीला धोतर-विडा द्यायची रीत, म्हणून फत्तेसिंगांनीच त्याला बोलावलं होतं. आतली मराठी त्याला कळत नव्हती, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. शाल्मली कोपऱ्यात राहिलेल्या त्याच्या अवजारांच्या पोत्यातून हातोडा आणि छिन्नी घेऊन आली, आणि दोन्ही यशोवर्धनसमोर धरली.

"एक काढ. मला बघायचंय."

यशोवर्धननं शेगडी खाली ठेवली. एकदा अण्णांकडं पाहिलं.

"हात लावून बघ," फत्तेसिंग म्हणाले. "लावून बघच तू."

जावई छिन्नी परत ठेवणार, याबद्दल नीलिमाला शंका नव्हती. लग्न ठरलं तेव्हाच ती नवऱ्याला म्हणाली होती, मुलगा लोण्याचा गोळा आहे, तापला की वितळणार.

यशोवर्धन खाली बसला. दाराजवळच्या टाइलच्या कडेला छिन्नी लावून त्यानं घाव घातला. दोन घावांत ती दुभंगली आणि तपकिरी फुलासकट वर आली. त्यानं सिमेंटची ढेकळं हातानं बाजूला केली. खाली तांबडं होतं, पण त्यात बोटाबोटावर खड्डे. देवी येऊन गेलेल्या माणसाचा चेहरा असतो तसं. जिथं एकेकाळी कपाळावरची टिकली दिसायची, तिथं आता धूळ भरली होती.

शाल्मलीनं वाकून त्यावरून हात फिरवला. रडली असती तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं. कुणी पाणी आणलं असतं, कुणी पाठीवर हात ठेवला असता, आणि दूध वेळेवर उतू गेलं असतं. ती रडली नाही.

"सगळ्या काढायच्या," ती म्हणाली.

"वेड लागलंय हिला!" फत्तेसिंग ओरडले. "खाली राहिलंय काय आता?"

"जे राहिलंय ते. त्यावर चटई टाकून राहीन मी. पण तुमच्या फुलांवर नाही राहणार. यश, मेस्त्रींना तू सांग. कन्नडमध्ये, अण्णांच्या समोर."

"शालू, आज नको. आज तरी…"

"आज नाही सांगितलंस तर मी आईबरोबर पुण्याला जाते. धमकी नाही देत. जिथं माझ्या शब्दाची किंमत नाही, तिथं मला राहायचं नाही. तुला राहायचं असलं तर राहा."

यशोवर्धन उठला. हातांना सिमेंट लागलं होतं, ते त्यानं नव्या पँटला पुसलं. दाराशी जाऊन तो म्हणाला, "बसवंतण्णा, नाळे बन्नी. टाइल्स एल्ला तेगीबेकु." उद्या या, टाइल्स सगळ्या काढायच्या.

बसवंतनं सवयीनं फत्तेसिंगांकडं पाहिलं.

"तिकडं बघू नका," यशोवर्धन कन्नडमध्येच म्हणाला. आवाज चिरकला, पण वाक्य पुरं झालं. "घर आमचं आहे. ही सांगेल तसं करायचं." मग तो वळला आणि वडिलांच्या डोळ्यांकडं बघणं न जमल्यामुळे त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडं बघत म्हणाला, "नाही, अण्णा. मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. आता म्हणतोय."

"शाबास," फत्तेसिंग म्हणाले. "शाबास रे वाघा. बायकोनं पाठ करून घेतलं, चांगलं म्हणून दाखवलंस."

"हे बोललास म्हणून सुटलास, असं समजू नकोस," शाल्मली नवऱ्याला म्हणाली. "तुझ्याशी माझं भांडण अजून सुरूच झालेलं नाही." मग नीलिमाकडं वळून, "आई, त्या दुधाचा चहा कर. आज उतू बितू काही जाणार नाही."

"मुहूर्त…" नीलिमाच्या तोंडून निघून गेलं.

"मुहूर्त आम्ही काढू. आमचा आम्ही."

नीलिमानं लेकीकडं पाहिलं, मग निमूटपणे पिशव्या उचलल्या आणि शेगडी कुठं ठेवायची ते विचारलं. हो, विचारलं.

फत्तेसिंगांनी खुंटीवरची छत्री काढली. रोज इथं आल्यावर ती खुंटीला लावायची त्यांची सवय होती, आणि खुंटीही त्यांनीच ठोकलेली. चपला घालताना त्यांचा हात भिंतीला टेकला, तो त्यांनी लगेच काढून घेतला.

"या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही मी," ते म्हणाले. "छत गळालं तर गळू दे. वाळवी लागली तर लागू दे. मला फोन करायचा नाही. चल गं."

ते पायऱ्या उतरले. रांगोळीवाल्या बाईनं मान खाली घातली. बसवंत बाजूला सरकला. ताठ चालत ते गल्लीच्या टोकाशी, बसस्टँडकडं वळायच्या जागी पोचले. इतकं सगळं केलं, आणि हे फळ! घरी जाऊन हिला सांगायचं होतं, काय काय बोलली ती पोरगी. हिनं "जाऊ द्या हो" म्हणायचं, पान लावून द्यायचं. गावात, देवळात, बाजारात, कुठंही ते पुढं आणि ती चार पावलं मागं. मागं न बघता तिच्या चपलांच्या आवाजावर त्यांना कळायचं, की ती आहे.

आवाज येत नव्हता.

ते थांबले, वळले. अनुसूया दारात उभी होती, चौकटीला हात लावून. पायात चपला नव्हत्या.

"चल म्हटलं ना!"

ती हलली नाही.

"बस जाईल."

बस दर थोड्या वेळानं असते, हे दोघांनाही माहीत होतं. फत्तेसिंग गल्लीतून परत चालत आले. उंबऱ्यात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, म्हणून पायरीखाली थांबले. आतून हातोड्याचा आवाज येत होता, मुलानं दुसरी टाइल काढायला घेतली होती. त्यांना ओरडायचं होतं. पण वर दारात उभ्या असलेल्या बायकोच्या चेहऱ्याकडं मान उचलून बघताना त्यांना एकदम भीती वाटली. इतक्या वर्षांत या बाईला नक्की काय आवडतं, हे त्यांना एकदाही सांगता आलं नसतं. त्यांचा आवाज खाली आला.

"येतेस का?" त्यांनी विचारलं.

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"नाही," अनुसूया म्हणाली.